नोटीस बोर्डावरची लेखणी कोणाची?

गेल्या पंधरवड्यात आमच्याच टेबलावर बातमी लिहायला शिकलेला एक तरुण पेढ्यांचा पुडा घेऊन कचेरीत आला. ‘जयभीम सर’ म्हणाला, पुडा टेबलावर ठेवला आणि मान खाली घालून उभा राहिला. पेढे आनंदाचे होते आणि मान मात्र अपराध्याची होती! एका मोठ्या संस्थेत त्याला नोकरी लागली आहे. बातमीदाराची नव्हे, ‘इंटर्नल कम्युनिकेशन’ खात्यातली. म्हणजे संस्थेतल्या कर्मचाऱ्यांसाठी संस्थेची गृहपत्रिका काढायची, अध्यक्षांचे पत्र लिहायचे, परिपत्रके सोप्या भाषेत करायची, नोटीस बोर्ड सांभाळायचा. पगार इथल्या तिप्पट आणि तोही पहिल्या तारखेला. ‘सर, मी चळवळ सोडली असे समजू नका,’ एवढेच तो म्हणाला. त्या दिवशी आम्हाला उत्तर सुचले नाही. आज ते जाहीरपणे देत आहोत, कारण तो एकटा नाही. वृत्तपत्रांतून मोठ्या संस्थांच्या प्रसिद्धी आणि संपर्क खात्यांकडे जाणारी ही वाट आता चांगलीच मळलेली आहे आणि त्या वाटेवर आपलीही मुले आहेत.

पहिली गोष्ट ही की, भाकरी हा गुन्हा नाही. ज्यांनी पिढ्यानपिढ्या पोटाला चिमटा घेऊन मुले शिकविली, त्यांच्या मुलाने पहिल्या तारखेचा पगार घेतला म्हणून त्याला गद्दार ठरविणारे आम्ही नव्हे. असे बोट दाखविण्यापूर्वी वृत्तपत्रांच्या दुनियेने या मुलांना काय दिले, याचा हिशेब मांडला पाहिजे.

१९९६ साली ज्येष्ठ पत्रकार बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत दलित पत्रकाराचा शोध घेतला आणि तो सापडला नाही, असे त्यांना ‘पायोनियर’मध्ये लिहावे लागले. २००६ साली राजधानीतील ३७ वृत्तपत्रे आणि वाहिन्यांमधील निर्णयाच्या जागांवरच्या ३१५ जणांची पाहणी झाली. त्यात अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्रीच्या अहवालात प्रमुख पदांवरील १२१ जणांपैकी १०६ जण उच्चवर्णीय निघाले आणि अनुसूचित जाती-जमातींचा आकडा पुन्हा शून्य! तेवीस वर्षांत देशात सरकारे बदलली, छपाईची यंत्रे बदलली, कागदाचा पडदा झाला. पण शून्य काही हलला नाही. ज्या घराचा वरचा मजला आपल्यासाठी बांधलेलाच नाही, त्या घराच्या पायरीवर आमच्या मुलाने आयुष्यभर बसून राहावे, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे?

पगाराचे म्हणाल तर तीही कहाणी सर्वांना ठाऊक आहे. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या. मालक न्यायालयात गेले. ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिफारशी वैध ठरविल्या. तरीही पत्रकारांना अवमान याचिका घेऊन पुन्हा त्याच दारात उभे राहावे लागले आणि कंत्राटी पत्रकारालाही या शिफारशी लागू आहेत, हे १९ जून २०१७ च्या निकालाने सांगावे लागले. ज्या १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यावर हे सारे उभे होते, तो कायदाच नव्या श्रमसंहितांमध्ये विरघळला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या संहिता लागू झाल्या. तालुक्याच्या गावचा वार्ताहर तर कोणत्याच कायद्याच्या सावलीत कधी नीट आला नाही. त्याने बातमीही द्यायची आणि जाहिरातही आणायची, हा तिथला अलिखित नियम आहे. दुसऱ्याच्या अन्यायाची बातमी लिहिणाऱ्याला स्वतःच्या अन्यायाची बातमी कुठे छापावी हा प्रश्न पडतो, तेव्हा तो दुसरी नोकरी शोधतो. यात नवल ते काय?

आणि आपले घर? खोटे बोलून चालणार नाही. चळवळीची पत्रे कधीच श्रीमंत नव्हती. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, त्याला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साह्य केले. ‘केसरी’ने मात्र त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने परमपूज्य बाबासाहेबांनी एकट्याने लिहून काढले आणि तरीही १९२९ मध्ये ते पत्र बंद पडले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेल्या महामानवाला आपल्याच लोकांकडे वर्गणीसाठी हात पसरावा लागला, ही आपल्या पत्रकारितेची जन्मकथा आहे. आजही १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आमच्या अंकावर शुभेच्छांच्या आणि अभिवादनाच्या जाहिराती भरभरून येतात आणि बाकीचे दिवस कोरडे जातात. आमच्या टेबलावरच्या मुलाचा पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला होतो, हे त्या मुलाला विचारा. आम्ही त्याचे उत्तर छापू शकणार नाही. आम्हाला लाज वाटेल.

म्हणून तो गेला याचे आम्हाला दुःख आहे, राग नाही. पण तो कुठे गेला, हे त्याने आणि आपणही नीट समजून घेतले पाहिजे.

वरवर पाहता काम तेच आहे. मथळा द्यायचा, वाक्य लहान ठेवायचे, वेळेत अंक काढायचा, चार लोकांना भेटून माहिती काढायची. वृत्तपत्रात घासलेला हात तिथे लगेच उपयोगी पडतो, म्हणून तर या संस्था पत्रकारांना बोलावतात. फरक दुसरीकडे आहे. वृत्तपत्राचा वाचक दुकानात उभा असतो; नाही आवडले तर उद्यापासून अंक बंद करतो. कर्मचाऱ्याला गृहपत्रिका बंद करता येत नाही. वृत्तपत्रात बातमीदार साहेबाला प्रश्न विचारतो. इथे साहेबाने आधीच ठरविलेले उत्तर असते आणि त्याला शोभेल असा प्रश्न लिहून द्यायचा असतो. बातमीवर संपादकाची एक नजर फिरते. इथल्या एका परिच्छेदावर मनुष्यबळ खाते, कायदा खाते आणि अध्यक्षांचे कार्यालय अशा तीन चाळण्या लागतात. त्यातून खाली येते तो मजकूर गुळगुळीत असतो. माणसे कामावरून काढली जातात आणि अंकात ‘फेररचना’ होते. पगारवाढ थांबते आणि अध्यक्षांच्या पत्रात ‘संयमाचा काळ’ येतो. अपघातात माणूस मरतो आणि पत्रिकेत सुरक्षा सप्ताहाच्या रांगोळी स्पर्धेचे फोटो झळकतात.

भाटगिरी ही काही नवी कला नव्हे. राजाच्या पदरी भाट होतेच. फरक इतकाच की, आता भाटाला संगणक आणि ओळखपत्र मिळते. आमच्या मुलाने शिकलेले सारे त्या कामी लागावे, याची आम्हाला भीती वाटते.

त्याहून मोठा प्रश्न ‘इंटर्नल’ या शब्दातच दडलेला आहे. इंटर्नल म्हणजे आतला. पण आतला कोण? संस्थेच्या गेटमधून सकाळी सर्वांत आधी आत जाते ती झाडू मारणारी बाई. कँटीनमध्ये भांडी घासणारा, गेटवर उभा राहणारा, मैल्याची टाकी साफ करणारा, बागेत खुरपणारा हे सगळे आतच असतात. पण ते कंत्राटदाराच्या मस्टरवर असतात. संस्थेच्या यादीत त्यांचे नाव नसते, त्यांना ई-मेल नसतो, गृहपत्रिकेचा अंक त्यांच्या हाती पडत नाही. पडलाच तर रद्दीत द्यायला. ‘आमचे कुटुंब’ असे ज्या अंकाच्या मुखपृष्ठावर छापलेले असते, तो अंक ज्या टेबलावर पडतो ते टेबल पुसणारी त्या कुटुंबात नाही! ही माणसे कोणत्या समाजाची आहेत, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. गावाला जसा गावकूस होता, तसा तो या काचेच्या इमारतींनाही आहे. फक्त इथे तो दगडामातीचा नाही, यादीचा आहे. बहिष्कृत भारत आता गेटच्या आत आहे आणि यादीच्या बाहेर आहे.

यावर कोणी म्हणेल की, कंपनीच्या पत्रिकेकडून एवढी अपेक्षा कशाला? मालकाचा कागद, मालकाचे शब्द. इथेच इतिहास आठवावा लागतो. कामगाराला त्याच्या भाषेत माहिती देणे ही मालकाची मेहेरबानी आहे, हे या देशाच्या कायद्याने कधीच नाकारले आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, त्याच काळात, एप्रिल १९४६ मध्ये, औद्योगिक रोजगार स्थायी आदेश कायदा झाला. तोवर कामाचे तास, रजा, शिक्षा, काढून टाकण्याचे नियम हे सारे मुकादमाच्या तोंडात असे. आज एक, उद्या दुसरा. या कायद्याने १०० किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना नियम लेखी करायला लावले. एवढ्यावर तो थांबला नाही. ते नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या दारातून आत येतात त्या दाराजवळ, खास फळ्यावर लावले पाहिजेत, असे त्याने बजावले. साहेबांच्या दाराजवळ नव्हे, कामगारांच्या दाराजवळ! १९४८ च्या कारखाना कायद्यानेही सूचना कामगारांच्या भाषेत लावण्याचे बंधन घातले.

आमच्या तरुणाने आपल्या नव्या खात्याचा खरा पूर्वज हा ओळखावा. त्याला प्रशिक्षणात कदाचित सांगतील की, हे शास्त्र परदेशातल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून आले. त्याने ते ऐकून घ्यावे आणि मनात दाराजवळचा तो फळा ठेवावा. या कामाचे एक मूळ मालकाच्या कौतुकात आहे, हे खरे. पण दुसरे मूळ कामगाराच्या जाणण्याच्या हक्कात आहे आणि ते आपल्या बापाने पाणी घातलेले आहे. ते मूळ आज तोडले जात आहे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेण्यात आली आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून ती अमलात आली. म्हणजे फळा लहान होत चालला आहे. अशा वेळी त्या फळ्याजवळ आपला माणूस असणे ही क्षुल्लक गोष्ट नाही.

फळ्यावरचा एक कागद काय करू शकतो, याचा पुरावा पुण्यातच आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत सुट्ट्यांची यादी लागली. त्यातून बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंती गायब होती. आजच्या भाषेत सांगायचे तर तो अंतर्गत संपर्काचाच कागद होता. बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताही नव्हता. शेकडो लोकांनी तो वाचला आणि ते कामाला लागले. दिनाभाना नावाच्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने मात्र तो वाचून प्रश्न विचारला. त्यांना निलंबनाला तोंड द्यावे लागले. पण डी. के. खापर्डे उभे राहिले, तिथेच अधिकारी असलेले कांशीराम उभे राहिले, लढा झाला आणि सुट्ट्या परत मिळाल्या. पुढे ६ डिसेंबर १९७८ रोजी जाहीर झालेल्या बामसेफची वाट त्या यादीपासून सुरू होते. संस्थेच्या आतला एक साधा कागद आणि तो नीट वाचणारा एक माणूस, एवढ्या भांडवलावर देशाच्या राजकारणाची कूस बदलली. मग तो कागद लिहिण्याच्या जागी आपलाच माणूस बसला असेल, तर त्याने काय काय करावे?

आम्ही त्याला हेर व्हायला सांगत नाही. ज्याचे मीठ खायचे त्याची गुपिते बाहेर विकायची, हा आमचा धर्म नव्हे. पंचशील मानणाऱ्याने नोकरी प्रामाणिकपणेच करावी. पण प्रामाणिकपणा मालकाशी जसा, तसा वाचकाशीही असतो. म्हणून आमच्या टेबलावर शिकलेल्या चार गोष्टी त्याने तिथे नेाव्यात, असे नव्हे, त्याने त्या नेल्याच पाहिजेत.

पहिली गोष्ट, बातमीचे पाच प्रश्न. काय ठरले, कोणी ठरविले, कधीपासून, कोणावर परिणाम होणार आणि शंका असेल तर कोणाला विचारायचे. ज्या परिपत्रकात या पाचांची उत्तरे नाहीत ते परिपत्रक नव्हे, धुके आहे. साहेबांना धुके हवे असेल, तर निदान एकदा विचारून पाहावे की, साहेब, तारीख घालू का?

दुसरी गोष्ट, यादी. अंक कोणाकोणाला जातो, हे त्याने पहिल्याच महिन्यात मागून घ्यावे. कंत्राटी कामगार त्या यादीत नसतील, तर पानभर मजकूर मोठ्या अक्षरांत छापून तो त्यांच्या दाराजवळ, त्यांच्या भाषेत लावण्याचा प्रस्ताव ठेवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो वाचून दाखविण्याची व्यवस्था मागावी. यात मालकाचे काही जात नाही. नाही म्हणायला त्यालाही कारण शोधावे लागेल.

तिसरी गोष्ट, हक्काची माहिती. सरकारी आणि सार्वजनिक संस्थांत अनुसूचित जाती-जमातींसाठी संपर्क अधिकारी असतो. त्याचे नाव आणि बसण्याची जागा किती जणांना माहीत असते? बिंदुनामावली काय असते, अनुशेष किती आहे, स्त्रियांच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने केलेली अंतर्गत समिती कुठे आहे, कंत्राटी कामगाराने आपला भविष्य निर्वाह निधी कसा तपासायचा, हे गृहपत्रिकेत का छापू नये? माणसाकडून हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाल्यास तीस लाख रुपये भरपाई द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. ज्या संस्थेच्या आवारात मैल्याची टाकी आहे, तिच्या फळ्यावर हा कायदा आणि हा निकाल असायला नको का? ही काही क्रांती नाही, कायद्याची माहिती आहे. ती छापायला कोणाची परवानगी लागत असेल, तर ती परवानगी लेखी मागावी.

चौथी गोष्ट, नकार. प्रत्येक नोकरीत एक दिवस असा येतो की, समोरचा कागद खोटा आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. त्या दिवशी त्याने काय करावे, हे आम्ही इथे पंख्याखाली बसून सांगणे सोपे आहे. घराचे हप्ते आम्हाला भरायचे नाहीत. एवढेच सांगतो की, त्या दिवशी त्याने आपले नाव तरी त्या कागदाखाली घालू नये आणि आपल्याला ते खोटे वाटते, हे वरिष्ठाला तोंडावर सांगावे. आयुष्यात तेवढे बोलून ठेवलेला माणूस म्हातारपणी नातवंडांच्या डोळ्यांत पाहू शकतो.

आता जबाबदारी आपली. नारायण मेघाजी लोखंडे हे गिरणीत स्टोअर कीपर होते. गिरणीच्या आत राहून त्यांनी कामगारांचे हाल पाहिले आणि ती नोकरी सोडून ते ‘दीनबंधू’कडे आले. पुढे त्यांनीच गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. गिरणीतून वृत्तपत्राकडे, अशी त्यांची वाट होती. आज आमची मुले उलट्या दिशेने चालली आहेत. हा दोष केवळ मुलांचा मानणे म्हणजे आपल्या नाकर्तेपणावर पांघरूण घालणे होय. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी व्यक्त केलेली खंत आपण दरवर्षी भाषणात ऐकवतो. पण चळवळीचा अंक शेजाऱ्याकडून मागून वाचणारा आणि मुलाच्या वाढदिवशी शेकडो ताटे वाढणारा शिकलेला माणूस त्या खंतीत येतो की नाही, हे कोणी विचारत नाही. धम्मदीक्षेनंतर दुसऱ्याच दिवशी बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला देण्याचे आवाहन केले होते. आम्ही विसावा मागत नाही. प्रत्येक नोकरदाराने वर्षाची वर्गणी वेळेवर भरावी आणि आणखी एका घरात अंक सुरू करून द्यावा. तेवढ्याने आमच्या टेबलावरच्या पुढच्या मुलाचा पगार पहिल्या तारखेला होईल आणि त्याला पेढे घेऊन मान खाली घालायची वेळ येणार नाही.

आणि जे गेले त्यांनी नाळ तोडू नये. दिवसा संस्थेची पत्रिका काढा; रविवारी वस्तीतल्या दोन मुलांना बातमी लिहायला शिकवा. आमची पाने तुमच्यासाठी उघडी आहेत. विहारात फळा आहे, खडू आम्ही देऊ.

त्या तरुणाला आमचे उत्तर एवढेच आहे. बाळ, पेढे आम्ही खाल्ले आणि गोड लागले. नोकरीला जा. पहिल्या दिवशी साहेबाच्या दालनात जाण्याआधी मागच्या गेटवर जा. तिथे फळा आहे का ते बघ. असेल तर त्यावर काय लिहिले आहे, कोणत्या भाषेत लिहिले आहे आणि झाडू मारणाऱ्या बाईला ते वाचता येते का, हे बघ. नसेल, तर तुझे काम तिथूनच सुरू होते. आणि पुन्हा कचेरीत येशील तेव्हा मान ताठ ठेवून ये.

जयभीम!